चार घरांची एक वही

३ जानेवारी

वही सुरू केली. चार घरं, एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत. उधळ्या स्वभावाचं आमच्यात कोणी नाही, चौघंही प्लास्टिकची पिशवी धुऊन वाळत घालणाऱ्या पंथातले. तरी परवा बोलता बोलता लक्षात आलं की चार घरांत मिळून तीन ड्रिल मशिनं आहेत, आणि गेल्या वर्षभरात तिन्ही मिळून तासभरही चालली नसतील. शिडी मात्र एकाही घरात नाही. पंखा पुसायचा तर सगळेच खुर्चीवर स्टूल चढवतात.

म्हणजे काटकसर ज्याच्या त्याच्या घरात भरपूर, पण उंबऱ्याबाहेर ती पडत नाही. प्रकल्प एवढाच, की सहा महिने चार घरांनी हत्यारं, हात आणि डोकी एकत्र वापरून बघायची. जमलं ते आणि फसलं ते इथे लिहायचं. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं.

खरी नावं वहीत नकोत, असं ताई म्हणाल्या. "वही काय, कुठेही पडून राहते." म्हणून ताई (वयाने थोरल्या, सगळ्यांच्याच ताई), हिशेबनीस (कॅल्क्युलेटर उशाशी घेऊन झोपत असावा), सुईवाली (माझी शाळेपासूनची मैत्रीण) आणि मी.

हिशेबनिसाने मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावाने दोन रकाने आखले. एक जमेचा, एक नावेचा. तासभर काम केलं की एक तास जमा. एखादी वस्तू दिवसभर नेली की एक तास नावे. "चोख राहिलेलं बरं," तो म्हणाला. आम्हीही माना डोलावल्या.

४ जानेवारी

वस्तूंची यादी. ड्रिल तीन, त्यातलं एकच धड. पान्हे भरपूर, पण सगळे एकाच मापाचे. वजनकाटा एक. शिवणयंत्र एक, सुईवालीचं. हातोड्या पाच! कोणालाही विचारलं तर "आमच्याकडे हातोडीच सापडत नाही" असं सांगणाऱ्या घरांत पाच हातोड्या.

शिडी चौघांत मिळून एक घ्यायची. राहील माझ्या जिन्याखाली.

काय वाटून घ्यायचं नाही, तेही ठरलं. उरलेली औषधं एकमेकांना द्यायची नाहीत, ताप तोच दिसला तरी. आणि गॅसची जोडणी किंवा भिंतीतली वायरिंग यांना आपण हात लावायचा नाही, तिथे जाणकार माणूसच बोलवायचा. हे दुसरं कलम ताईंनी हिशेबनिसाकडे बघत सांगितलं.

९ जानेवारी

वीज. आज माझ्या घरी तपासणी. दारं-खिडक्या लावून अंधारात बसायचं, आणि घरात काहीच चालू नसताना मीटर काय करतो ते बघायचं.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, ते मीटरवरच छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२००. फ्रिज तेवढ्यापुरता बंद केला, दिवे-पंखे बंद, टीव्ही रिमोटने बंद. आता दिवा गप्प बसायला हवा होता. पण तो दर ७५ सेकंदांनी लुकलुकत होता. तासाला ४८ वेळा. ४८ भागिले ३२०० म्हणजे तासाला ०.०१५ युनिट. थोडक्यात, कोणीही काहीही वापरत नसताना घर सतत १५ वॉट खात होतं.

मग आम्ही पाहुण्याच्या घरात चोर शोधावा तसे हात लावत फिरलो. सेट टॉप बॉक्स कोमट, टीव्ही 'बंद' असूनही. संगणकाच्या स्पीकरचा अडॅप्टर कोमट. मायक्रोवेव्हचं घड्याळ, जे मी दोन वर्षांत बघितलेलं नाही. प्रिंटर, जो महिन्यातून एकदा चालतो. सगळ्यांचे खटके बंद केले आणि पाच मिनिटं थांबलो. दिवा लुकलुकला नाही.

१५ वॉट म्हणजे वर्षाला १३१ युनिट. तेवढ्या विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला तरी जवळजवळ ८ वर्षं पुरेल. आणि मी इतकी वर्षं घरच्यांवर खेकसते आहे, "खोलीत कोणी नाही, दिवा कशाला?" खेकसायला हरकत नाही, पण चुकीच्या दिशेला खेकसत होते.

हिशेबनीस खुशीत. दोन तास त्याच्या खात्यात जमा.

११ जानेवारी

तीच तपासणी उरलेल्या तीन घरांत. सुईवालीकडे सगळ्यात कमी, कारण तिच्याकडे वस्तूच कमी. ताईंकडे पाणी तापवायची टाकी दिवसभर चालू असते, असं कळलं. २००० वॉटचं यंत्र अर्धा तास तापलं की एक युनिट गेलं. ताईंचं म्हणणं, पाणी तापलं की ते आपोआप बंद होतं. होतं, पण टाकीतलं पाणी निवत राहतं आणि ते पुन्हा पुन्हा पेटतं. आता आंघोळीआधी लावायचं आणि नंतर बंद करायचं. ताईंनी 'बघू' म्हटलं. ताईंच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला माहीत आहे.

१७ जानेवारी

ताईंच्या मोरीतला नळ. थेंब थेंब गळतो, रात्री जास्त ऐकू येतो. हिशेबनिसाने आधी मोजला: मापाचा पेला खाली ठेवला, १५ मिनिटांत २२५ मिलिलिटर. सेकंदाला साधारण एक थेंब. दिवसाला २१.६ लिटर, म्हणजे एक मोठी बादली भरून वर पाणी. मोजण्यात अर्धा तास गेला. "अरे, आधी बंद कर, मग मोज," ताई म्हणाल्या. "मग मोजायचं काय?" तो म्हणाला.

काम मी आणि त्याने मिळून केलं. आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्याला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घराचा मेन कॉक बंद केला आणि मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं. मोरीच्या जाळीवर फडकं अंथरलं. (हे आम्ही पहिला स्क्रू जाळीतून गेल्यानंतर केलं.) मूठ काढली, पान्ह्याने वरचं नट सोडवलं. सोडवलं असं लिहायला सोपं आहे. ते गंजून बसलं होतं, आणि त्याच्याशी झटण्यात सव्वा तास गेला. नळ पकडून ठेवायला एक पान्हा आणि नट फिरवायला दुसरा लागतो, नाहीतर जोर भिंतीतल्या पाइपवर येतो. हेही आम्हाला पाइप करकरल्यावरच सुचलं.

आतली दांडी बाहेर आली. तिच्या टोकाला रबरी वायसर. त्यावर गोल खोल वळ उठलेला, पाणी त्यातूनच वाट काढत होतं. गळतो म्हणून आपण नळ आणखी करकचून पिळतो, त्याने तो वळ आणखी खोल जातो. नवा वायसर हाताशी नव्हता, म्हणून तोच उलटा करून बसवला. दुसरी बाजू कोरी होती. तात्पुरतं काम भागलं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, सगळं परत बसवलं.

एकूण तीन तास. दोघांच्या खात्यात तीन-तीन तास जमा.

पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात हा वायसर नसतो, आत चिनी मातीच्या चकत्या असतात. तो गळायला लागला तर आतला संचच बदलावा लागतो. सुईवालीकडे तसले नळ आहेत.

१८ जानेवारी

नळ थांबला, पण मुठीखालून पाझरतो आहे. टेप उलट्या दिशेने गुंडाळली होती. आटे ज्या दिशेने कसतात त्याच दिशेने गुंडाळायची असते, नाहीतर कसताना ती सुटत जाते. पुन्हा उघडला. आणखी एक तास जमा. वायसरही नवा घातला.

१ फेब्रुवारी

आज सुईवालीकडे. आमच्या तिघांच्या मिळून सहा चादरी नेल्या होत्या, सगळ्या मधोमध विरलेल्या. मी पुसायची फडकी करायला निघाले होते. तिने एक चादर उजेडासमोर धरली. मधल्या भागातून पलीकडची खिडकी दिसत होती, कडा मात्र नव्यासारख्या दाट. माणूस मधेच झोपतो, कडांवर कोण झोपतंय?

तिने चादर उभी मधोमध कापली आणि बाहेरच्या दोन्ही कडा आत आणून जोडल्या. विरलेला भाग कडेला गेला, तिथे तो अंथरुणाखाली खोचला जातो. मधल्या जोडाची शिवण चपटी दाबून दोनदा घातली, पाठीला टोचू नये म्हणून. कडांना दुमड. चादर बोटभर अरुंद झाली, पण आणखी चार-पाच वर्षं सहज जाईल.

तिचे हात बघत बसले मी. चिमटीतलं कापड आपोआप सरकत होतं, ती आमच्याशी बोलत होती आणि शिवण सरळ पडत होती. हिशेबनिसाच्या शर्टाची कॉलरही तिने उसवून उलटी करून लावली, घासलेली बाजू आत, कोरी बाहेर. माझ्या मुलाच्या दप्तराची चेन मागे उघडत होती. तिने पकडीने सरक्याच्या दोन्ही बाजू हळूच दाबल्या आणि ती मिटायला लागली. वेळ मिनिटभर.

"किती तास लिहू?" मी विचारलं.
"तास कसले गं, सगळं मिळून दीड लिही. गप्पाच जास्त झाल्या."

दीड लिहिला.

८ फेब्रुवारी

कपड्यांची पावडर चौघांत एकत्र आणली. दुकानात एक गंमत. सगळ्यात मोठं पाकीट किलोमागे मधल्या पाकिटापेक्षा महाग होतं. मोठं म्हणजे स्वस्त, असं गृहीत धरून आम्ही वर्षानुवर्षं मोठं उचलत आलो. हिशेबनीस तिथेच उभा राहून प्रत्येक आकाराचा किलोचा भाव काढत बसला, रांग खोळंबली.

वाटणी वजनकाट्यावर. आधी रिकाम्या डब्याचं वजन, मग भरलेल्याचं.

ताई म्हणाल्या, झाकणभर कशाला घालता, अर्ध घालून बघा. बघितलं. रोजच्या कपड्यांत फरक दिसला नाही. टॉवेल उलट मऊ झाले, कारण जास्तीचा साबण नीट खळखळून निघत नाही, तो धाग्यात बसून कडक होतो. मातीने भरलेले कपडे असतील तर पूर्ण माप.

तेल एकत्र आणायचा बेत मात्र सोडला. मोठा डबा उघडला की हवा आणि उजेड लागून तेल खवट व्हायला लागतं, आणि टाकून दिलेली वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी महागच. नियम: न नासणारं एकत्र, नासणारं ज्याचं त्याने.

१५ फेब्रुवारी

फजिती, माझीच. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून 'घरगुती क्लीनर' बाटलीत भरला आणि बूच घट्ट लावलं. काय फेस आला होता, वाटलं आता डागांची खैर नाही. दहा मिनिटांत बूच छताला. आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो बंद बाटलीत मावणार कुठे?

ताई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "आणि उरलं काय बाटलीत? दोघांनी एकमेकांना मारून टाकलं. खारट पाणी उरलं." बरोबर आहे. केटलीतला पांढरा थर काढायचा तर नुसतं व्हिनेगर, तेलकट डागाला नुसता सोडा. वेगवेगळे कामाचे, एकत्र निकामी. ब्लीचमध्ये मात्र आम्लाचा थेंबही मिसळायचा नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हे ठळक अक्षरात.

शिवाय उडालेलं व्हिनेगर न्हाणीघराच्या संगमरवरी पट्टीवर सांडलं, आणि पुसायला उशीर झाला. तिथली चकाकी गेली ती गेलीच. आम्ल संगमरवर खातं.

कोणाच्याही खात्यात काही जमा नाही.

२२ फेब्रुवारी

पहिली मोजदाद. हिशेबनिसाने वाचून दाखवली.

हिशेबनीस: जमा १२, नावे ४. मी: जमा ८, नावे ५. ताई: जमा ३, नावे ९, त्यांच्या घरचे नळ. ताईंनी खांदे उडवले. सुईवाली: जमा अडीच, नावे ८. शिडी तीन दिवस, ड्रिल दोन दिवस, आणि तिचं कपाट हलवायला आम्ही तिघं गेलो होतो ते प्रत्येकी एक तास.

सुईवाली हसून म्हणाली, "अरे बापरे, साडेपाच तास कर्ज झालं की माझ्या डोक्यावर." आम्हीही हसलो. विषय तिथेच संपला असं मी समजले.

१ मार्च

फ्रिजचं दार. हिशेबनिसाकडचा फ्रिज सतत घुरघुरतो. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली, वरच्या कोपऱ्यात ती सुळकन निघाली. म्हणजे तिथे रबर टेकत नाही, थंडावा बाहेर. रबराच्या खाचेत मळ साचला होता. साबणाच्या कोमट पाण्याने धुतलं, वाकलेला भाग केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊबदार करून सरळ केला. आता पट्टी अडकते. मागच्या नळ्यांवरची धूळही झाडली (आधी प्लग काढून).

बर्फ सुरीने खरवडायचा नाही. तो वितळेपर्यंत थांबायचं.

सुईवाली आली नाही. काम आहे म्हणाली.

९ मार्च

सुईवाली आजही नाही. शिडी जिन्याखालीच आहे, दोन आठवड्यांत कोणी नेली नाही.

१५ मार्च

हे लिहायला जड जातं आहे.

सकाळी सहज तिच्याकडे गेले. दार डाव्या हाताने उघडलं, उजवं मनगट पट्ट्यात. चार दिवसांपूर्वी माळ्यावरचं काही काढायला खुर्चीवर स्टूल चढवलं आणि स्टूल सरकलं. हाड मोडलेलं नाही, तिने क्ष-किरण फोटो काढून घेतला होता. पण मुरगळ जबर आहे, डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे हात वापरायचा नाही असं सांगितलंय.

"अगं, शिडी होती ना!"
ती गप्प. मग म्हणाली, "माझ्या नावावर आधीच साडेपाच तास आहेत. आणखी कशाला."

मी बसले. मग दुसरी गोष्ट बाहेर आली. फेब्रुवारीच्या मध्यापासून तिची नोकरी नाही. जिथे होती तिथली माणसं कमी केली. आम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आम्ही मदतीला धावलो असतो आणि ती कुठल्या रकान्यात लिहायची हे तिला कळेना.

२२ फेब्रुवारीला आपण हसलो तेव्हा तिची नोकरी जाऊन आठवडा झाला होता.

१६ मार्च

चौघं ताईंकडे. सुईवालीला मी ओढूनच नेलं. भांडण झालं, ते जमेल तसं लिहिते.

मी म्हटलं, मागचं पान फाडून टाका. हिशेबनीस चिडला. त्याचं म्हणणं असं, की हिशेब नसला की जो 'हो' म्हणतो त्याच्यावरच सगळं येऊन पडतं, मऊ लागलं म्हणून लोक कोपराने खणतात. "तुम्हाला वाटतं मी कंजूष म्हणून मोजतो. मी मोजतो कारण माझ्या आईला आयुष्यभर कोणी मोजलं नाही." हे त्याने आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. त्यावर कोणाला पटकन काही बोलता आलं नाही.

मग ताईंनी विचारलं, "बरं, मोजूया. पण सहा चादरी, एक कॉलर, एक चेन, हे दीड तासाचं काम होतं का?"
"तिनेच सांगितलं दीड."
"तू एक चादर करून बघ."

त्याच्यापुढे चादर नव्हती, पण ताईंच्या पडद्याची खालची दुमड सुटली होती. सुई-दोरा देऊन त्याला बसवलं. एक तास वीस मिनिटं. तुरपाईचे टाके डोंगर-दऱ्यांसारखे, दोरा तीनदा गुंतला, बोटातून रक्त. सुईवाली डाव्या हाताने दाखवत होती. "हे तू किती वेळात करतेस?" "दहा मिनिटं." तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने वही ओढली, माझ्या आणि स्वतःच्या नळाच्या चार-चार तासांवर बोट ठेवलं.

"म्हणजे आपल्याला काम येत नव्हतं म्हणून आपण श्रीमंत," तो म्हणाला.

पान फाडलं नाही. त्याने त्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'माप चुकलं.' नवा रकाना एकच: कोणती वस्तू कोणाकडे आहे, आणि काय मोडलं. त्याच्या आग्रहावरून एक नियम वाढवला. प्रत्येकाला 'या आठवड्यात मला जमणार नाही' असं म्हणता यावं, कारण न सांगता. आणि हे वाक्य निदान महिन्यातून एकदा प्रत्येकाने म्हणायचंच, सवय राहावी म्हणून. हा भाग ताईंचा.

१९ मार्च

'काही लागलं तर सांग' हे वाक्य आम्ही बंद केलं आहे. ते ऐकणाऱ्यालाच कामाला लावतं. काय लागतंय ते त्याने शोधायचं, ते मागण्याइतकं मोठं आहे का ते ठरवायचं, आणि मग तोंड उघडायचं. त्यापेक्षा मी फोन करून म्हणते, "बाजारात निघाले आहे, तुझी पिशवीही आणते, यादी सांग." ताई म्हणतात, "आज स्वयंपाक जास्त झालाय, डबा पाठवते, भांडं परत करायची घाई नाही." (जास्त झालेला नसतो. सुईवालीलाही ते माहीत आहे.)

हिशेबनीस रोज संध्याकाळी जाऊन तिचे कपडे पिळून वाळत घालतो. एका हाताने पिळता येत नाही, हे त्याला आधी सुचलं, मला नाही.

२४ मार्च

आज सुईवालीने स्वतःहून कागद काढले. सगळी देणी टेबलावर मांडून तीन ढीग केले. पहिला, जे थकलं तर छप्पर, वीज, पाणी किंवा औषध तुटेल. दुसरा, जिथे बोलून मुदत मिळू शकते. तिसरा, जे थांबवलं तरी चालेल. तिसऱ्या ढिगात दोन वर्गण्या सापडल्या, ज्या ती वापरत नव्हती आणि खात्यातून आपोआप कापल्या जात होत्या. लगेच बंद.

दुसऱ्या ढिगातले फोन शेजारी बसून केले. तारीख उलटायच्या आधी आपण फोन केला तर समोरचा माणूस निराळं बोलतो. दोन ठिकाणी हप्ते करून मिळाले, एका ठिकाणी सरळ नकार. नकारानंतर तिचा चेहरा पडला, मग थोडा वेळ नुसतं बसलो.

तिच्या पैशांबद्दल मी काही सुचवलं नाही, फक्त बेरजा केल्या. ताईंनी मला निघताना बजावलं होतं, "विचारल्याशिवाय अक्कल द्यायची नाही." दोनदा जीभ चावली.

पैसे द्यावेत का, यावर आम्ही तिघं आधी वेगळे बोललो होतो. परत आले नाहीत तरी मन खट्टू होणार नाही, एवढेच प्रत्येकाने द्यावेत, वहीत आकडा लिहू नये. तसंच केलं.

५ एप्रिल

पट्टा निघाला. हात अजून दुखतो, पण सुई धरता येते. तिला घरी बसून कपडे दुरुस्त करायची थोडी कामं मिळताहेत. नोकरीसारखी नाहीत, पण आहेत. कामाचा भाव तिने आधी फारच कमी सांगितला. हिशेबनीस शेजारीच होता. म्हणाला, "तास नको लावूस, नगावर लाव. हात चपळ आहे म्हणून तोटा कशाला सोसायचा?" तिने नगावर भाव लिहून दाराला लावला.

१२ एप्रिल

धड असलेल्या एकमेव ड्रिलचं पातं मोडलं. माझ्याकडून. काँक्रीटच्या भिंतीत लाकडाचं पातं घातलं होतं. मोडलेल्याच्या रकान्यात लिहिलं, नवं आणून ठेवलं. भोक पाडताना खटक्याच्या पेटीच्या सरळ वर किंवा खाली पाडायचं नाही, तिथून वायर गेलेली असू शकते. हे मला येत होतं म्हणून तेवढं तरी वाचलं.

सुईवाली आम्हाला तुरपाई शिकवते आहे. हिशेबनिसाचा वेळ आता एका दुमडीला पन्नास मिनिटं. तो अजूनही मोजतो, पण भिंतीवरच्या घड्याळात, वहीत नाही.

२० एप्रिल

ताई: "या आठवड्यात मला जमणार नाही." चौघांत पहिल्यांदा कोणी म्हटलं. मी 'का?' विचारणार होते. हिशेबनिसाने पायावर पाय दिला.

३ मे

ताईंचा नळ पुन्हा टिपटिपतो. वायसर ठीक आहे, बहुतेक आतली बैठकच खडबडीत झाली असावी. ते घासायचं हत्यार आमच्याकडे नाही, प्लंबरला सांगितलं. तो येईपर्यंत खाली बादली. ते पाणी ताई कुंड्यांना घालतात, आणि आंघोळीचं पाणी अजून दिवसभर तापत असतं.

वस्तू: वजनकाटा हिशेबनिसाकडे. धड ड्रिल माझ्याकडे. हातोड्या चार, पाचवी सापडत नाही. शिडी सुईवालीकडे, गेल्या मंगळवारपासून. तिचे अजून दोन पंखे पुसायचे राहिलेत.